नाल्यात जेसीबी घालायच्या आधी वर्षभर नाला बघा : खान्देशातल्या गावांसाठी

तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर यांच्याबद्दल सगळे बोलतात, पूर आला की बातमी येते, धरण भरलं की फोटो येतात. पण गावाच्या मागून जो नाला जातो, ज्याच्यात पोरं पोहायला शिकली, पोळ्याला बैल धुतले, कानबाई (श्रावणात बसते ती खान्देशची देवी) जिथे शिरवली, म्हणजे विसर्जन केली, त्याच्याबद्दल ग्रामपंचायतीत विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, खोलीकरण करून टाका. मग मशीन येतं, काठावरचं करंज-उंबर जातं, नाला सरळ गटारीसारखा होतो आणि दोन पावसाळ्यांनी परत गाळ. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी नाला समजून घ्या, एक पूर्ण वर्ष, आखाजी ते आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया), आणि हे काम कुठल्या बाहेरच्या तज्ञाने नाही तर गावाने करायचं आहे कारण नाल्याची अर्धी माहिती गावातच पडलेली असते, फक्त कुणी लिहून ठेवलेली नसते. ते कसं करायचं ते सगळं खाली लिहितोय, शाळा असेल, तरुण मंडळ असेल, बचत गट असेल, कुणालाही जमेल असं आहे.

पहिले नाला कुठून येतो ते शोधा

हे सोपं वाटतं पण गावात दहा लोकांना विचारा, सात जण म्हणतील "त्या तिकडून, डोंगराकडून". तेवढ्याने भागत नाही. तलाठ्याकडे गावनकाशा असतो, त्यात नाला, पांदण, गट नंबर सगळं असतं, त्याची कॉपी काढून घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आता नेटवर मोफत डाऊनलोड होतात, त्यात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर, आणि बारीकसारीक ओढे पण दिसतात. जोडीला मोबाईलवर सॅटेलाईट व्ह्यू. या तिन्हींवरून कोऱ्या कार्डशीटवर तुमचा एकट्या नाल्याचा मोठा नकाशा काढा. उगम कुठे, कोणती लवणं, म्हणजे पाणी वाहून येणारे सखल भाग, येऊन मिळतात, कोणाकोणाच्या शेताजवळून जातो, पूल कुठे, मोऱ्या कुठे, गावाची गटार कुठे पडते, स्मशान कुठे, शेवटी कोणत्या नदीला मिळतो. आणि तिथे थांबू नका, ती नदी तापीला मिळते, तापी उकाई धरणात जाते आणि तिथून सुरतेला, म्हणजे नवापूरच्या ओढ्यात टाकलेली पिशवी गुजरातपर्यंत जाऊ शकते हे पोरांना नकाशावर बोट ठेवून दाखवा, पोरांना ते लगेच समजतं.

आता इथे खान्देशची एक खास गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. तापीच्या उत्तरेला, म्हणजे रावेर, यावल, चोपडा या बाजूला सातपुड्यातून नाले जोरात उतरतात आणि पायथ्याशी आले की अचानक कोरडे दिसतात. पाणी कुणी चोरलेलं नसतं. पायथ्याला दगड-गोटे-वाळूचा जाड पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात, तो पाणी पिऊन टाकतो आणि तेच पाणी खाली केळीच्या विहिरी-बोअरना मिळतं. तिथे नाला कोरडा पडणं हेच त्याचं काम आहे. त्या पट्ट्यात नाल्याच्या तळाला सिमेंट नाहीतर प्लास्टिक घालायची कल्पना कुणी काढली तर हात जोडून थांबवा.

तापीच्या दक्षिणेला धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव या बाजूला गोष्ट वेगळी. खाली काळा पाषाण, वर मुरूम, आणि पाणी राहतं ते मुरमात आणि दगडाच्या फटीत. धुळे-नंदुरबारकडे तर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात, भूगर्भवाले त्यांना डाईक म्हणतात, गावातले लोक नुसतं टेकाड म्हणतात. अशी भिंत नाल्याला आडवी गेली असेल तर कधी कधी तिच्या वरच्या बाजूच्या विहिरींना पाणी आणि खालच्यांना ठणठणाट असं होतं. हे एकदा नकाशावर मांडलं की गावातली बरीच भांडणं, "त्याच्या विहिरीला पाणी आहे आणि माझ्या का नाही", यांचं उत्तर दगडात सापडतं.

आणि तापीच्या अगदी काठाला पिवळ्या गाळाची खोल जमीन, तिथे नाले दरवर्षी काठ खातात, घळी पडतात. तिन्ही ठिकाणी उपाय वेगळे, म्हणून शेजारच्या तालुक्यात जे चाललं ते आपल्याकडे चालेलच असं नाही.

माणसं कोण पाहिजेत

कमिटी, अध्यक्ष, लेटरहेड याच्या मागे सुरुवातीला लागू नका, त्यात उन्हाळा निघून जातो. पाच-सहा माणसं पुरे, पण योग्य पाहिजेत. एक म्हातारे आबा किंवा नाना ज्यांचं शेत नाल्याला लागून आहे. एक गुरं नाहीतर बकऱ्या चारणारा, कारण दुपारी बारा वाजता पाणी कुठे शिल्लक असतं हे त्याच्याएवढं कुणालाच माहीत नसतं. ठेलारी मेंढपाळ तुमच्या शिवारातून जात असतील तर त्यांना पण विचारा, ते दरवर्षी त्याच वाटेने जातात आणि झरे लक्षात ठेवतात. मासे धरणारे भोई किंवा भिल्ल कुटुंब असेल तर ते आलेच पाहिजेत, कोणता मासा येणं बंद झालं हे तेच सांगतील. शाळेतले विज्ञानाचे सर किंवा मॅडम. आणि नाल्यावर धुणं धुणाऱ्या बाया, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाण्याला वास कधी येतो, फेस कधी येतो, खाज कधी सुटते हे त्यांच्या हाताला कळतं. त्यांना मीटिंगला बोलावू नका, त्यांच्या वेळेला तुम्ही घाटावर जा, आणि एखादी ताई सोबत असेल तर बोलणं मोकळं होतं.

विचारायचं कसं हे पण सांगतो. "किती साली पाणी आटलं" असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. साल नाही, सण विचारा. "आबा, पह्यले आखाजीले नालामा पानी राहे का?" असं सरळ अहिराणीत विचारलं की माणूस बोलायला लागतो, मग कुणी सांगतं आखाजीला गौराई इथेच शिरवायचो, कुणी सांगतं ७२ च्या दुष्काळात पण या डोहाला पाणी होतं, त्या उंबराखाली झिरा (पाणी झिरपून येणारा लहान खड्डा) खोदायचो आणि हंडा भरायचो. हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा (विचारून) आणि घरी येऊन वहीत उतरवा, कोणी सांगितलं ते पण. त्या झिऱ्याची जागा नकाशावर टाका. बहुतेक वेळा पाणी जमिनीखालून अजून तिथेच वाहत असतं, म्हणून नंतर कुठे काम करायचं ठरलं तर अशा जागा आधी बघायच्या.

आणि कुणाला वाटत असेल की गावाला पाण्याची व्यवस्था जमत नाही, सरकारच पाहिजे, तर फड पद्धत आठवा. पांझरा, मोसम या नद्यांवर दोन-तीनशे वर्षांपासून आपल्याच लोकांनी बंधारे घालून पाट काढले, शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडले, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. वरच्याला जास्त आणि शेपटाला काहीच नाही असं होऊ नये म्हणून नियम होते आणि लोक ते पाळत होते. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा, जंगल राखलं आणि पाणी टिकलं, तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. बाहेरून आणलेली गोष्ट नाहीये ही, आपलीच आहे.

नाला फेरी

उगमापासून संगमापर्यंत पायी. एका दिवसात होत नसेल तर तुकडे करा. वर्षातून निदान तीन वेळा तरी झाली पाहिजे, एक मे महिन्यात सगळं कोरडं असताना, एक दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरल्यावर, एक संक्रांतीनंतर. मे मधली सकाळी सहाला सुरू करा आणि दहाच्या आत घरी या, आपल्याकडचं ऊन माहीत आहे, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, पोरं सोबत असली तर जास्तच सांभाळा. पायात बूट, हातात काठी, दगडाखाली सरळ हात घालायचा नाही, फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत. आणि पावसाळ्यात वर डोंगराकडे काळं आलेलं असेल तर नाल्यात उतरायचंच नाही, गावात ऊन असलं तरी. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला तितूर-डोंगरी नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाह्यलंय, पाऊस वर घाटात आणि पाटणादेवीकडे पडला आणि पाणी शहरात घुसलं.

फेरीत काय लिहायचं? पाणी वाहतंय, साचलंय का कोरडं. तळ कसला, वाळू, गोटे, दगड का चिखल. काठावर कोणती झाडं, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, निंब का नुसती वेडी बाभूळ आणि बेशरम. कुठे काठ ढासळलाय, कुठे कुणी बांध नाल्यात सरकवलाय, कुठे कचरा टाकायची सवय पडलीय. प्रत्येक ठिकाणी मोबाईलने लोकेशनसकट फोटो. त्यातल्या चार-पाच जागा पक्क्या ठरवा, एखादी फरशी, पूल, मोठा दगड, आणि दर वेळी त्याच जागी उभं राहून त्याच दिशेने फोटो काढा. वर्षाने ते फोटो ओळीने लावून ग्रामसभेत दाखवले की जे भाषणाने होत नाही ते होतं, मी हे होताना बघितलंय.

काठाची एक गोष्ट जवळून बघायला सांगा पोरांना. उभा मातीचा काठ असतो ना, डोहाच्या बाजूला, त्याच्यात मुठीएवढी नाहीतर त्याहून लहान भोकं दिसतात. लोकांना वाटतं उंदराची बिळं. पण थोडं लांब, झाडाआड गप्प बसून बघा, खंड्या चोचीत मासा घेऊन येतो आणि सरळ भोकात शिरतो. आत हातभर बोगदा आणि टोकाला पिल्लं. वेडे राघू पण असंच करतात, तेही रांगेने. आणि खाली गोट्यांच्या पट्ट्यावर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते, गोट्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून जेव्हा मशीनने काठ उताराला तासून "सुंदर" करतात आणि गोट्यांचा पट्टा उचलून नेतात तेव्हा तिथलं काय जातं ते वहीत लिहिलेलं असलं पाहिजे, निदान मशीन कोणत्या महिन्यात आणि कोणत्या काठाला लावायचं नाही एवढं तरी त्यावरून ठरवता येतं.

पाणी मोजणं

याच्यासाठी लागतं एक मेजर टेप, मोबाईलचं घड्याळ, एक काठी आणि एक लिंबू. लिंबू का, तर ते पाण्यात जवळजवळ सगळं बुडून वाहतं, वाऱ्याने ढकललं जात नाही, बाटलीचं झाकण वगैरे टाकलं की वाऱ्याने चुकतं.

नाल्याचा सरळ भाग निवडा, १० मीटर मोजा, दोन्ही टोकाला दोरी आडवी बांधा. लिंबू वरच्या दोरीच्या थोडं वर सोडा, दोरी ओलांडली की घड्याळ सुरू, दुसरी ओलांडली की बंद. तीन-चार वेळा करा आणि सरासरी काढा. मग पाण्याची रुंदी मोजा आणि पाच ठिकाणी काठीने खोली मोजून सरासरी. समजा १० मीटरला २० सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. रुंदी २ मीटर, सरासरी खोली २० सेंटीमीटर म्हणजे ०.२ मीटर. गुणाकार करा, २ गुणिले ०.२ गुणिले ०.५ म्हणजे ०.२ घनमीटर. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं म्हणून याला ०.८५ ने गुणायचं, आलं ०.१७ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १७० लिटर. सातवीच्या पोराला येणारं गणित आहे आणि ते वहीतल्या गणितापेक्षा त्याला जास्त लक्षात राहतं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ आणि जोरात असेल तर मोजायला उतरू नका, पुलावरून खुणेची पट्टी वाचा. पुलाच्या खांबाला ऑइलपेंटने फूट-अर्धाफूट खुणा करून ठेवा, पूर ओसरल्यावर काडीकचरा कुठपर्यंत अडकलाय ते बघून पुराची उंची तारखेसकट लिहून ठेवा. पुढे कुणी नाल्याच्या पात्रात प्लॉट पाडायला निघाला तर हीच नोंद कामाला येते.

पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा आणि पट्टी पुरते. मोकळ्या जागी ठेवा, झाडाखाली नाही, रोज सकाळी साडेआठला वाचा आणि रिकामा करा. १० मिलीमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १ लाख लिटर पाणी, हे शेतकऱ्याला एकदा सांगून बघा, बांधबंदिस्तीबद्दल तो स्वतःच बोलायला लागेल.

आणि विहिरी. नाल्याच्या जवळच्या दोन आणि लांबच्या दोन निवडा, पाळीवर एक पक्की खूण करा, सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा आपल्या निरीक्षण विहिरी मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना. तुम्ही पण त्याच महिन्यांत मोजलं तर त्यांच्या आकड्यांशी लावून बघता येतं. तुमच्या परिसरात त्यांची विहीर कोणती ते जिल्ह्याच्या ऑफिसला जाऊन विचारा.

पाणी चांगलं आहे का

पहिली टेस्ट फुकट. पारदर्शक काचेच्या ग्लासात पाणी घ्या, मागे छापील कागद धरा, अक्षरं वाचता येतात का. वास घ्या. फेस बघा, पाऊस पडून गेल्यावरचा थोडा फेस नैसर्गिक असतो पण साबणाचा पांढरा, टिकणारा, वासाचा फेस वेगळा ओळखू येतो. हिरवी शेवाळ खूप झाली असेल तर वरून खत किंवा सांडपाणी येतंय असं समजा.

दुसरी, जलजीवन मिशनमधून गावाला पाणी तपासायचं किट मिळालेलं असतं आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं ट्रेनिंग द्यायचं असं त्यात धरलेलं आहे. बऱ्याच गावांत ते किट कपाटात पडून असतं. जलसुरक्षकाला विचारा, तारीख संपलेली नाही ना बघा, आणि त्या ताईंनाच पुढे करा. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये पाहिजे. नायट्रेट पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर नको, आणि केळी-कपाशीच्या पट्ट्यात जिथे युरिया भरपूर पडतो तिथे हे आवर्जून बघायचं, विशेषतः घरात लहान बाळ असेल आणि बाळाच्या दुधाला विहिरीचं पाणी वापरत असतील तर. जंतूंसाठी छोटी बाटली येते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेच्या जागी ठेवायचं, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं म्हणजे मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. ती बाटली काळी पडलेली दाखवा कुणालाही, आकडे सांगायची गरज पडत नाही. पण लक्षात ठेवा की किट फक्त इशारा देतं, काही वाईट आलं तर जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा.

तिसरी मला सगळ्यात आवडते, पाण्यातले किडे. दसऱ्यानंतर नाला झुळझुळ वाहत असतो तेव्हा जा. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधा, पाणी येतं त्या दिशेला तोंड करून धरा, वरच्या बाजूला दुसऱ्याने पायाने गोटे हलवायचे, जे सुटेल ते जाळीत येतं. ते पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात सोडा आणि अर्धा मिनिट काहीच करू नका. आधी नुसता कचरा दिसतो, मग कचरा हलायला लागतो. चपटा, सहा पायांचा, मागे तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूला पिसांसारखे कल्ले हलवणारा जीव दिसला तर खूश व्हा, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, घाण पाण्यात तो टिकत नाही. वाळूचे कण किंवा काडीकचरा चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी दिसेल, हातात घेतली तर काडी वाटते, पण पाण्यात ठेवली की एका टोकातून डोकं आणि पाय बाहेर येतात आणि नळी चालायला लागते, तो पण चांगल्या पाण्याची खूण. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच पण बारीक किडा) यांची पिल्लं मध्यम पाण्यात पण जगतात. आणि ताटात नुसत्या लाल अळ्या आणि लांब शेपटीच्या पांढऱ्या अळ्या असतील, बाकी काहीच नाही, तर वर कुठेतरी गटार पडतेय, चालत जाऊन शोधा. एकाच दिवसात गावाच्या वर आणि गावाच्या खाली अशा दोन ठिकाणी हे करा, दोन ताटं शेजारी ठेवून फोटो काढा. उन्हाळ्यातल्या साचलेल्या डबक्यात मात्र ही टेस्ट लावू नका, पाणी वाहत नसलं की चांगले किडे तसेही कमी असतात. बघून झालं की सगळे जीव परत पाण्यात.

मग काय सुधारायचं

वर्षाची वही झाली की दिसायला लागतं की सगळीकडे सगळं खराब नाहीये, दोन-तीन जागाच आहेत जिथून त्रास सुरू होतो. त्या धरा.

कपाशीच्या दिवसात फवारणीचे पंप नाल्यात धुणं ही सगळ्यात वाईट सवय. एका पंपाचं धुवण डोहातले मासे मारायला पुरतं. शेतकऱ्याला बोल लावून उपयोग नाही, पाणी जिथे आहे तिथेच तो पंप धुणार. त्याला शेतातच ड्रमभर पाण्याची सोय करून द्या, औषधाची बाटली रिकामी झाली की तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओतायचं म्हणजे औषधही वाया जात नाही, मग बाटलीला भोक पाडायचं म्हणजे कुणी तेल-पाणी भरणार नाही, आणि नाल्यात फेकायची नाही, जाळायची पण नाही. गावात एक पत्र्याचा पिंप ठरवा फक्त या बाटल्यांसाठी, कृषी सहायकाला सांगून ठेवा.

केळीच्या गावांत खांबांचा प्रश्न. घड कापला की खांब नाल्यात ढकलायचे, सोपं पडतं म्हणून. खांब सडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, वास सुटतो, आणि पहिल्या मोठ्या पावसाला सगळे वाहून मोरीत अडकतात आणि पाणी शेजारच्याच्या शेतात. खांबाचे तुकडे करून ओळीतच पसरवले तर पालाश परत जमिनीला मिळतं, विकत आणायचं पोटॅश तेवढं कमी. हे दोन-चार मोठ्या केळीवाल्यांनी सुरू केलं की बाकीचे आपोआप येतात, म्हणून पहिले त्यांच्याकडेच जा, आप्पा, बापू म्हणून चहा घ्या आणि मोरीचा फोटो दाखवा.

गावाची गटार थांबवता येत नाही पण नाल्यात पडायच्या आधी शोषखड्डे, परसबाग, पाणकणीस लावलेला एखादा संथ खड्डा असं करता येतं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात सांडपाण्याचं काम घेता येतं. कचऱ्यात डायपर आणि पॅड यांचा विषय आशाताई आणि बचत गटाकडे द्या, पुरुषांनी भाषण करून तो सुटत नाही.

सणांना विरोध करू नका, सणांचा उपयोग करा. श्रावणात रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी नाल्या-नदीला जाते, तेव्हा अख्खं गाव काठावर असतं, नटून-थटून, गाणी म्हणत. त्याच्या आधीच्या आठवड्यात घाट साफ करायचं काम कुणालाही सांगितलं तरी लोक नाही म्हणत नाहीत, कारण आईची वाट आहे. निर्माल्याला वेगळी टोपली, प्लास्टिकच्या पिशव्या काठावरच जमा, आणि त्याच दिवशी वहीतला नकाशा झाडाला टांगून ठेवा.

जेसीबीबद्दल. मी खोलीकरणाच्या सरसकट विरोधात नाही. शिरपूर तालुक्यात भूगर्भतज्ञ सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून सिमेंट बंधारे बांधले, त्याचं नाव शिरपूर पॅटर्न म्हणून राज्यभर झालं, त्यावर तज्ञांमध्ये वादही झाले. पण ते काम खालचा गाळ-दगड अभ्यासून केलेलं होतं आणि नंतर बऱ्याच ठिकाणी नुसतं खोदणं उचललं गेलं, अभ्यास राहून गेला. म्हणून मशीन यायच्या आधी ग्रामसभेत हे प्रश्न विचारा. खाली कोणता थर आहे, विहिरींच्या नोंदी काय सांगतात? वरच्या पाणलोटात बांधबंदिस्ती झालीय का, नाहीतर गाळ परत येणार? निघालेली माती-वाळू कुठे जाणार आणि कोण नेणार? काठावरची कोणती झाडं राहणार, ती आधी मोजून पांढरा पट्टा मारलाय का? जुने डोह तसेच ठेवणार ना? आणि वरच्या गावाने सगळं पाणी अडवलं तर खालच्या गावाचं काय? याची उत्तरं लेखी मिळाली तर खुशाल करा.

कागदपत्र

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभा ठरलेल्या असतात. विषयपत्रिकेत नाल्याचा विषय घालायला आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, आयत्या वेळी उठून बोललं तर ठराव होत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि लोकांची नोंदवही ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती वही एकदा भरून ठेवून दिलेली आहे. ती मागून घ्या, तुमचे मासे, पक्षी, झाडं, किडे त्यात चढवा. नंदुरबारच्या आणि साक्री, यावल, चोपडा, रावेरच्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांत ग्रामसभेचे अधिकार अजून मोठे आहेत, वनहक्क कायद्यात सामूहिक हक्क मिळालेला असेल तर जंगलातल्या ओढ्यांची राखण हा पण त्यातला भाग आहे.

कुणी नाल्यात अतिक्रमण केलं तर तहसीलदारांना अर्ज, सोबत गावनकाशाची कॉपी, गट नंबर, तारखेचे फोटो. कारखान्याचं किंवा जिनिंगचं पाणी सुटत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९७४ च्या पाणी कायद्याखाली. पाणी कोणत्या वेळी सुटतं त्याची पंधरा दिवसांची नोंद आधी करा, रात्री सुटत असेल तर तसं लिहा, आणि नमुना अधिकाऱ्यांनाच घ्यायला लावा, तुम्ही भरून नेलेली बाटली पुरावा म्हणून टिकत नाही. वाळूच्या ट्रॅक्टरच्या मागे एकट्याने कधीच जायचं नाही, पोरांना तर अजिबात नाही, नंबर दिसला तर लिहा आणि ग्रामपंचायतीमार्फत कळवा. जीव मोठा आहे.

वही कुठे ठेवायची हे सुरुवातीलाच ठरवा. एकाच्या घरात ठेवली तर निवडणूक आली की ती त्या पार्टीची होते. शाळेत एक, ग्रामपंचायतीत एक कॉपी, आणि प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्याच्यात दोन्ही पार्ट्यांचे लोक असतील. नोंद करायचं काम दरवर्षी आठवी-नववीच्या वर्गाकडे द्यायचं आणि जुन्या वर्गाने जून महिन्यात नव्या वर्गाला एकदा नाल्यावर नेऊन लिंबू कसं सोडायचं, विहिरीची खूण कुठे आहे, फोटोची जागा कोणती, हे हाताने करून दाखवायचं.